‘डुप्लिकेट’ कॅसेटींचा इतिहास आणि चिपळूणचा चिखल

१/ २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. पूर ओसरल्यावर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या भिजलेल्या ग्रंथांसाठी महाराष्ट्रभर हळहळ व्यक्त झाली, आणि ती रास्तच होती. परंतु पूर ओसरला की रस्त्यावर जे ढीग लागतात, त्यांत जाणाऱ्या एका वस्तूसाठी कोणीच हळहळत नाही : नव्वदच्या दशकातील व्हिडिओ गेमची कॅसेट. ती भंगारात जाते आणि तिच्यासोबत एका कालखंडाचा पुरावाही जातो.

२/ या कॅसेटींविषयी दोन मते रूढ आहेत. पहिले : हा सारा चोरीचा माल होता, म्हणून त्याला इतिहास नाही. दुसरे : ते खेळ आज फाइलींच्या रूपाने जतन झालेले आहेत, तेव्हा जुन्या प्लास्टिकची गरज काय? दोन्ही मते सुशिक्षितांची आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. ती चूक कळण्यासाठी कॅसेट उघडून आतील सर्किट बोर्ड पाहावा लागतो. दोन्ही मते मांडणारे नेमके तेवढेच करीत नाहीत.

३/ आधी पार्श्वभूमी. जपानमध्ये निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. त्याच्या खाचेत ६० संपर्कपट्ट्यांची कॅसेट बसे. चुंबकीय फितीशी तिचा काहीही संबंध नव्हता. तरी टेपरेकॉर्डरच्या सवयीने मराठी घरांनी तिला ‘कॅसेट’च म्हटले. पुढे अमेरिकेसाठी काढलेल्या ७२ पट्ट्यांच्या यंत्रात कंपनीने खरी-खोटी कॅसेट ओळखणारी कुलूपचिप घातली. ६० पट्ट्यांच्या जपानी यंत्राला असे कुलूप नव्हते. त्यामुळे भारतात ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी विकली गेलेली यंत्रे या कुलूप नसलेल्या घराण्यातली.

४/ चोरीचा आरोप करणारे विचारत नाहीत की त्या काळी अधिकृत माल कोणाला परवडत होता. १९९५ मध्ये सेगाने भारतासाठी शॉ वॉलेस या कंपनीशी करार केला. ऐंशी टक्के आयातशुल्क चुकवण्याचा तो मार्ग होता. तरीही ‘मेगा ड्राइव्ह’ची किंमत १८,००० रुपये होती. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंधांचा शेवटचा टप्पा उठला तो १ एप्रिल २००१ रोजी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तीच १९९८ मध्ये. त्याआधीच्या चिपळूणपर्यंत अधिकृत वितरकाची साखळी पोहोचण्याची शक्यताच नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा माल मात्र एसटीच्या टपावरूनही येऊ शकत होता.

५/ मग भारताने स्वतःची चिप का बनवली नाही? प्रयत्न झाला होता. मोहालीची सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली आणि १९८४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या कारखान्याला आग लागली आणि देशाची वर्षे वाया गेली. तैवानची यूएमसी ही कंपनी १९८० ची, म्हणजे मोहालीपेक्षा चार वर्षांनी धाकटी. फॅमिकॉमसारख्या यंत्रांचे ‘यूए६५२७’ आणि ‘यूए६५३८’ यांसारखे आयसी याच कंपनीचे. स्वस्त खेळयंत्रांची जगभरची बाजारपेठ कोणाच्या चिपांवर उभी राहिली, हे त्या आयसींवरील अक्षरेच सांगतात.

६/ ‘नुसती नक्कल’ हा शब्द कुठे तोकडा पडतो ते पाहा. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ पासून पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० क्षेत्रांचे. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रांसाठी घडवलेले. निन्टेन्डोने युरोपसाठी काढलेल्या पाल यंत्रात प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला. त्यामुळे प्रोसेसर आणि चित्रचिप यांचे मूळचे १ : ३ हे प्रमाण मोडले, आणि ओळीओळीचा हिशेब धरून लिहिलेले काही जपानी खेळ त्यावर बिघडू लागले.

७/ पाल देशांसाठीच्या नकली चिपांनी वेगळा तोडगा काढला. त्यांनी वेग १.७७ मेगाहर्ट्झ ठेवला, १ : ३ हे प्रमाण जपले आणि पडद्यावरील जादा ओळी खेळाच्या हिशेबाबाहेर ठेवल्या. जपानी कॅसेट चालवण्याच्या बाबतीत ही ‘नक्कल’ अधिकृत पाल यंत्रापेक्षा अधिक विश्वासू ठरली. संगीताची चाल मात्र चित्रांच्या गतीवर बांधलेली असल्याने अशा यंत्रावर मारिओचे संगीत मूळच्या पाच-षष्ठांश गतीने वाजे. संगणकावर आज ६० चित्रांच्या वेगाने फाइल चालवणाऱ्यास जे ऐकू येते, ते त्या पिढीने ऐकलेलेच नाही.

८/ आता बोर्डाकडे वळू. कॅसेटच्या प्रोग्रामसाठी यंत्र ३२ किलोबाइट पत्ते मोकळे सोडते आणि चित्रांसाठी ८. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ या ४० किलोबाइटांत बसतो. त्याच्या बोर्डावर दोन रॉम आणि एक डाखाची जोडणी पुरते. ती जोडणी ठरवते की चित्रस्मृतीची दोन पाने शेजारी-शेजारी धरायची की वर-खाली. मारिओ आडवा सरकतो, ‘आइस क्लायंबर’ उभा चढतो. दोघांची जोडणी परस्परविरुद्ध. ती चुकली तर खेळ चालतो, पण सरकताना पडदा फाटतो. हा सर्वांत सोपा बोर्ड.

९/ ‘काँट्रा’ १२८ किलोबाइटांचा. ३२ च्या खिडकीतून १२८ कसे दाखवायचे? १९८८ च्या अमेरिकी आवृत्तीच्या बोर्डाने हे दोन साध्या आयसींनी साधले. ७४१६१ हा एरवी मोजणीसाठी वापरला जाणारा आयसी येथे बँकेचा क्रमांक धरून ठेवतो. १६-१६ किलोबाइटांच्या आठ बँका एकामागून एक खिडकीत येतात. ७४३२ मधील ‘ऑर’ द्वारे खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात कायम शेवटची बँक दाखवतात. यंत्र सुरू होताच प्रोसेसर पहिला पत्ता तेथूनच वाचतो. त्या जागी भलतीच बँक आली तर खेळ सुरूच होत नाही, पडदा कोरा राहतो. लॅमिंग्टन रोडवर सुट्टे मिळणारे हे दोन आयसी ‘काँट्रा’च्या पाठीचा कणा होते.

१०/ येथे आणखी एक पेच आहे. बँक बदलण्यासाठी प्रोसेसर रॉमच्याच पत्त्यावर क्रमांक लिहितो. त्या क्षणी रॉमही आपला आकडा त्याच आठ तारांवर ठेवू पाहते; एकाच दोरीला दोघांनी दोन दिशांनी ओढावे तसे. मूळ प्रोग्रामरांनी हुशारीने ज्या पत्त्यावर तोच आकडा आधीपासून आहे, तेथेच लिहिले. म्हणजे दोघेही एकाच दिशेने ओढतात. परंतु प्रोग्राममधील बाइट इकडचे तिकडे करणाऱ्या नकलाकाराला हा समझोता ठाऊक नसला, तर त्याची कॅसेट एका यंत्रावर चालते आणि शेजारच्या यंत्रावर अडते. ‘कॅसेट आमच्याकडे चालते, तुमच्याकडे नाही’ या त्या काळच्या तक्रारीमागे असे एखादे कारण असू शकत होते.

११/ १९८८ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ याहून कठीण. त्यासाठी निन्टेन्डोने ‘एमएमसी३’ नावाची खास चिप घडवली. चित्रचिपच्या पत्त्यांतील एका तारेवरचे चढउतार पाहून ती पडद्यावरच्या ओळी मोजते आणि नेमक्या ओळीवर प्रोसेसरला थांबवते. त्यामुळे वर खेळ सरकत असताना खालची गुणांची पट्टी स्थिर राहते. ही चिप बाजारात सुट्टी मिळत नव्हती. तिची नक्कल करायची तर तिचे वर्तन बाहेरून, तार-तार तपासून, पुन्हा रचावे लागे. त्या तारेवरचे सूक्ष्म धक्के गाळले नाहीत तर मोजणी चुकते आणि पट्टी थरथरते. आतले काहीही हाती नसताना असा प्रतिकूल तपास पुरा करणे, याला जगभर अभियांत्रिकी म्हणतात. आपल्याकडे ‘डुप्लिकेट’ म्हणतात.

१२/ मग ‘९९९९ इन १’ या कॅसेटी. आकडा शुद्ध थाप होता : मोजके खेळ, त्यांचीच नावे पुन्हापुन्हा, कधी सुरुवातीची पातळी बदललेली. ग्राहकाची ती फसवणूक होती, हे निःसंकोच मान्य करावे. पण त्या थापेखालचा बोर्ड खरा आहे. एकाच रॉमचे तुकडे करणे, निवडलेला तुकडा धरून ठेवणे, मारिओसाठी आडवी व आइस क्लायंबरसाठी उभी जोडणी विजेने बदलणे, आणि रीसेट दाबताच यादीवर परतणे, हे सारे दोन-चार आयसींत बसवलेले. अशा बोर्डांच्या रचनेला एकच एक मानक नव्हते. म्हणूनच प्रत्येक न तपासलेला बोर्ड हा एकमेव प्रत असलेल्या हस्तलिखितासारखा आहे.

१३/ स्वस्त कॅसेट उघडली की अनेकदा आयसी दिसतच नाही. दिसतो काळा गोळा. उघडी सिलिकॉन चकती थेट बोर्डावर चिकटवून, केसाहून बारीक तारांनी जोडून, वर इपॉक्सी ओतलेले. त्यामुळे आयसीच्या वेष्टनाचा खर्च वाचतो. परंतु गोळ्याखालचा दोष दुरुस्त करता येत नाही, आणि इपॉक्सी कालांतराने ओलावा शोषते. चिपळूणमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणात अशा कॅसेटचे आयुष्य कोरड्या प्रदेशातल्यापेक्षा कमी असणार, हे सांगायला प्रयोगशाळा नको.

१४/ दुसरा शत्रू बोर्डाच्या कडेला बसतो. चांगल्या बोर्डाच्या संपर्कपट्ट्यांवर निकेलच्या थरावर कठीण सोन्याचा मुलामा असतो. तो साधारण पाऊण मायक्रॉन जाड असला तर शेकडो वेळा घासूनही टिकतो. स्वस्त बोर्डावर सोने नावापुरते, नाहीतर नुसती कथलाची कल्हई. कल्हई मऊ असते, खाचेच्या धातूशी घासून झिजते, आणि झिजलेल्या जागी ऑक्साइड धरते. मग मुले कॅसेट काढून फुंकर मारत. फुंकरीतली वाफ गंज वाढवी; खेळ चालू होई तो कॅसेट पुन्हा बसवल्याने. खोडरबराने पट्ट्या घासणे हा उपायही सोने खरवडूनच काम करी.

१५/ जे लोक ‘फाइल आहेच, हवा तेव्हा नवा बोर्ड बनवू’ म्हणतात, त्यांनी बनवून पाहावा. मूळ बोर्डाची जाडी सुमारे १.२ मिलिमीटर, आणि आज कारखाने सहज देतात तो १.६ चा. जाड बोर्ड जुन्या खाचेच्या स्प्रिंग कायमच्या वाकवतो. त्यानंतर मूळ कॅसेटही नीट बसत नाही. कडेला तिरका उतार हवा, पट्ट्यांना कठीण सोने हवे. दोन्हींसाठी कारखाना वेगळे पैसे घेतो. म्हणून हौशी माणूस या दोन गोष्टी वगळतो आणि त्याचे यंत्र त्याची किंमत मोजते.

१६/ विजेचा प्रश्न आणखी गंभीर. १९८३ चे यंत्र ५ व्होल्टवर बोलते. आजच्या बहुतेक फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या. मध्ये पातळी बदलणारे आयसी घातले तर खर्च आणि जागा वाढते. म्हणून स्वस्त नवे बोर्ड ते गाळतात. ३.३ च्या चिपेवर ५ व्होल्ट आदळत राहतात. खेळ आज चालतो, उद्याही चालतो, आणि चिप किंवा यंत्र हळूहळू मरते. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी तीस वर्षे टिकलेले यंत्र पणाला लावणे हा जतनाचा मार्ग नव्हे.

१७/ आता फाइलींचा दावा. रॉममधील बाइट उतरवले म्हणजे खेळ जतन झाला, असे मानले जाते. परंतु केवळ बाइटांवरून तो चालवता येत नाही. फाइलीच्या आरंभी १६ बाइटांचे शीर्षक लागते. बोर्डाची जोडणी कोणती आणि मॅपर कोणत्या क्रमांकाचा, हे त्यात सांगावे लागते. मॅपर-क्रमांकासाठी आठ बिटे, म्हणजे २५६ जागा होत्या. त्या अपुऱ्या पडल्या म्हणून पुढील आवृत्तीत बारा बिटे, ४०९६ जागा कराव्या लागल्या. ही वाढ बोर्डांच्या विविधतेची कबुली आहे. बोर्ड नष्ट झाला आणि त्याची जोडणी कोणी नोंदवली नसेल, तर उरलेली फाइल म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

१८/ कायद्याचा आक्षेप टाळू नये. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रोग्राम कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आले आणि १९९४ च्या दुरुस्तीने ते संरक्षण बळकट झाले. तेव्हा प्रोग्रामची विनापरवाना प्रत विकणे बेकायदेशीर होते आणि आहे. परंतु सर्किटच्या मांडणीचा स्वतंत्र कायदा आला तो २००० मध्ये. प्रोग्राम, चिपची मांडणी आणि बोर्डाची जोडणी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच ‘चोरी’ शब्दात कोंबणारा कायद्याचीही सेवा करीत नाही आणि इतिहासाचीही. शिवाय बेकायदेशीर वस्तू ऐतिहासिक नसते, हा नियम कोणी घातला? खोटी नाणी संग्रहालयांत असतात. बनावट सनदा इतिहासकार मुद्दाम वाचतात, कारण बनवणाऱ्याला काय हवे होते ते त्या सांगतात.

१९/ एवढे असूनही मराठी स्थानिक इतिहासात नव्वदचे दशक जवळजवळ वस्तूहीन आहे. राजकारण आहे, दंगली आहेत, उदारीकरणाचे आकडे आहेत. परंतु उदारीकरण मधल्या आळीतल्या घरात कोणत्या वस्तूच्या रूपाने शिरले, याचे उत्तर देणारी वस्तू जपलेली नाही. गणपतीला गावी येणारा चाकरमानी मुलांसाठी काय आणू शकत होता आणि काय नाही, याचा हिशेब आयातशुल्काच्या कोष्टकांत अर्धा आहे. उरलेला अर्धा त्या कॅसेटच्या कल्हईत आणि काळ्या गोळ्यात आहे. पितळी समई संग्रहालयात जाते, कारण तिच्यामागे परंपरा आहे. परंपरा नसलेली वस्तू मात्र नष्ट झाल्यावरच दुर्मीळ ठरते.

२०/ चिपळूणला हे सांगण्याचा अधिकार इतरांपेक्षा अधिक आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या वाचन मंदिराने, म्हणजे ‘लोटिस्मा’ने, २६ जुलै २००५ चा पूर सोसला आणि २०२१ चाही. दोन्ही वेळा ग्रंथ गेले, दोन्ही वेळा संस्था उभी राहिली. तिचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय आहे. कोकणातल्या वस्तू कोकणातच जपाव्यात, ही भूमिका तिथे रुजलेली आहे. त्या भूमिकेत कॅसेटींचे एक कपाट बसवणे म्हणजे परंपरेशी फारकत नव्हे. ज्यांच्या घरात आजही ‘लिटल मास्टर’ आहे, अशी माणसे चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वर या पट्ट्यात अजून हयात आहेत. आणखी दोन पूर आले की हे वाक्य खोटे ठरेल.

२१/ काम अवघड नाही. कॅसेट उघडून बोर्डाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. आयसींवरचे क्रमांक, बोर्डावर छापलेली अक्षरे, जाडी आणि पट्ट्यांची स्थिती नोंदवावी. मल्टिमीटर लावून कोणती पट्टी कोणत्या पायाला जोडली आहे ते लिहावे. पुरात भिजलेला बोर्ड वीज न देता ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा. कॅसेट कोठून, कितीला, कोणी आणली, ही तोंडी माहिती त्याच दिवशी टिपून घ्यावी. यांतील एकाही कृतीसाठी खेळाची एकही प्रत वाटावी लागत नाही. महाविद्यालयातील इतिहास आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन विभाग एका टेबलावर बसले, तर हा एका सत्राचा प्रकल्प आहे.

२२/ अडथळा पैशाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. ताम्रपटाचे वाचन हे विद्वत्तेचे काम समजले जाते. तांब्याच्या रेघा असलेल्या हिरव्या बोर्डाचे वाचन हा पोरखेळ. वास्तविक दोन्हींत तांब्यावर कोरलेला मजकूर आहे, दोन्हींत लिहिणाऱ्याची गरज आणि त्याच्या काळाची मर्यादा दिसते, आणि दोन्ही वाचण्यासाठी लिपी शिकावी लागते. पहिली लिपी जाणणारे अभ्यासक महाराष्ट्रात आहेत. दुसरी जाणणारे टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानांत बसत. ती दुकाने एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जायला अजून वेळ आहे. पुढच्या जुलैआधी गेलेले बरे.